बेरजेची पाटी

आमच्या दुकानात गिऱ्हाइकाने भांडं पसंत केलं की आबा एकच प्रश्न विचारायचे, "नाव काय टाकू?" आबा म्हणजे माझे थोरले काका. जळगावात पितळेची भांडी विकणारे पुष्कळ होते, पण नाव टाकावं ते आमच्याच दुकानाने, असं लोक म्हणायचे. आबा मांडी घालून बसत, गुडघ्यात तांब्या धरत आणि छिन्नीवर हातोडीची हलकी टिकटिक सुरू होई. बघता बघता तांब्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटे. लग्नसराईत एकट्या आबांना ते आवरत नसे, म्हणून त्यांनी मलाही बसवलं. मला अक्षरं आधी पितळेवर काढता आली, शाळेच्या पाटीवर नंतर. 'चि. सौ. कां.' तर मी डोळे मिटून काढत असे. माझे वडील गल्ल्यावर बसत आणि बोलत कमी. घरात आणि दुकानात जे काही बोललं जाई ते आबा बोलत.

घरातल्या प्रत्येक मुलीसाठी आबा भांड्यांचा एक संच बाजूला काढून ठेवत. हंडा, कळशी, परात, तांब्या, फुलपात्रं, डबे. माझाही संच माळ्यावर पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्याच्यावर नाव मात्र नव्हतं. मुलीचं नाव बदलणार, आडनाव बदलणार, तेव्हा ते ठरल्यावरच टाकायचं, असा आमच्या धंद्याचा रिवाज होता. गावभराच्या भांड्यांवर मी नावं टाकत होते आणि माझी भांडी कोरी होती. त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नाही. आत्ता लिहिताना वाटतंय.

मी कॉलेजात गेले याचं कारण अगदी साधं. कॉलेज दुकानाच्या वाटेवर होतं. आबांनी परवानगी दिली ती, "जाता-येता डबा तरी आणशील," असं म्हणून. पदार्थविज्ञान घेतलं, आणि शेवटच्या वर्षाला आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स हा विषय नव्यानेच निघाला तेव्हा मी त्याला नाव नोंदवलं. वर्गात मुलं होती आणि मी होते. मुलं पहिला बाक माझ्यासाठी सोडत, तो आदर होता की भीती, हे मला अजून कळलेलं नाही. आमचे सर धुळ्याचे. सोमवारी सकाळी एसटीने यायचे, शनिवारी परत जायचे, आणि त्यांच्या कापडी पिशवीत एका बाजूला धुळ्याचे पेढे तर दुसऱ्या बाजूला मुंबईहून मागवलेले सुटे भाग असायचे. एकदा त्यांनी पिशवीतून भोकं पाडलेलं एक जाड कार्ड काढून वर्गात फिरवलं. म्हणाले, "याला संगणकाचं कार्ड म्हणतात. ही भोकं तो वाचतो." माझ्या हातात आलं तेव्हा मी ते उजेडासमोर धरलं. भोकांची भाषा मला लगेच पटली. आम्हीही ठिपक्यांनीच लिहीत होतो की!

पुढे दीपनगरच्या वीजकेंद्रात माझी अर्धी नोकरी संगणकासमोर गेली. आता नातू खिशातून फोन काढतो आणि मला बोटाने कसं सरकवायचं ते शिकवतो. मी शिकून घेते. पण उजेडासमोर धरलेल्या त्या कार्डाची मजा काही औरच होती.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक उपकरण स्वतः करायचं होतं. मुलांनी रेडिओ घेतले, एकाने घंटा घेतली. मी बेरीज करणारं यंत्र घेतलं. एका बाजूला बटणं, त्यांवर दोन आकडे द्यायचे, आणि दुसऱ्या बाजूला टॉर्चचे तीन बारीक दिवे उत्तर दाखवणार. त्यासाठी लागणारे काळे चौकोनी तुकडे, ज्यांना आम्ही 'आयसी' म्हणायचो, सरांनी मुंबईहून आणून दिले. त्यांना दोन्ही बाजूंना ओळीने धातूचे पाय असतात. मी घरी आणले तेव्हा आमची अक्का, म्हणजे आबांची बायको, दोन पावलं मागे सरली. अक्का धुळ्याकडच्या खेड्यातली, अहिराणीशिवाय बोलायची नाही.

"हाई तं किडा शे व माय! चावस का?"

"चावत नाही अक्का, हा विचार करतो."

"आनी तू काय करस मंग?" असं म्हणून ती बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायला गच्चीवर निघून गेली.

हे सुटे भाग बसवायला एक पाटी करावी लागे. कडक पाटीवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो. जिथून वीज जायची त्या रेघा रंगाने रंगवायच्या आणि पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात ठेवायची. ते पाणी उघडं तांबं खाऊन टाकतं आणि रंगाखालच्या रेघा तेवढ्या उरतात. ते चिनीमातीच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवायचं, धातूच्या भांड्यात ठेवलं तर ते भांडंच खाईल, हे सरांनी बजावलं होतं. पाणी ऊन असलं की काम लवकर होतं. म्हणून मी लोणचं काढायचं एक चिनीमातीचं वाडगं घेतलं, त्यात ते पाणी केलं आणि गच्चीत बिबड्यांच्या शेजारी उन्हात मांडलं. जळगावचं चैत्रातलं ऊन फुकट वाया जातं अशी माझी नेहमीची तक्रार होती, ती त्या दिवसापुरती मिटली. बोटं मात्र पिवळी-तपकिरी झाली. लिंबू, साबण, राख, कशाने म्हणून जाईनात.

तो रविवार होता, आणि त्याच दिवशी मला बघायला दोंडाईचाहून पाहुणे येणार होते.

सोयरीक चांगली होती, यात वाद नाही. मुलाचं बियाण्याचं दुकान होतं, माणसं खातीपिती होती. अडचण एवढीच की त्यांना लग्न आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उरकायचं होतं, म्हणून जमलं तर बुधवारीच साखरपुडा करायचा असं ठरलं होतं. आणि बुधवारीच माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. लेखी पेपर झाले होते, एवढंच उरलं होतं. मी आबांना म्हटलं, साखरपुडा गुरुवारी करा.

"गुरुवारी मुहूर्त नाही."

"परीक्षेची तारीख बदलत नाही, आबा."

"मुहूर्तही बदलत नाही. हे बघ शकू, जमलं तर परीक्षा राहिली. नाही जमलं तर जा, दे परीक्षा. मी आडवा येणार नाही."

आई मधे पडली नाही, वडील पडण्याचा प्रश्नच नव्हता. मला पक्कं ठाऊक होतं की यंदा राहिलेली परीक्षा पुढच्या वर्षी दोंडाईचातून कोणी देऊ देणार नाही. तरीही मी रडले वगैरे नाही. पाटी करत बसले. न जमण्याचीही शक्यता होती, आणि त्या शक्यतेसाठी पाटी तयार असायला हवी होती.

दुपारी आईने नेसायला खाली बोलावलं तेव्हा पाटी अर्धीच झाली होती. मी ती बाहेर काढून धुतली, कपाटात ठेवली, आणि वाडगं उन्हातून उचलून मोरीच्या कोपऱ्यात सावलीला ठेवलं. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मोरीच्या कोपऱ्यात बारा महिने एक वाडगं असायचं आणि त्यात चिंचेचा कोळ असायचा. पितळ घासायला. भांडी विकणाऱ्यांच्या घरची भांडी मळकी दिसली तर दुकान कोण चालू देईल? आणि फेरिक क्लोराईडचं पाणी दिसायला हुबेहूब चिंचेच्या कोळासारखं.

मी आत केसांत वेणी माळत होते तेव्हा बाहेरून अक्काचा आनंदी आवाज ऐकू येत होता. "आज कोळ कोन्ही करी ठेवा शे व? भलता चांगला शे! हात लावताच चमकी जास!" आई म्हणाली, "मी नाही बाई केला." मला त्याचं काही वाटलं नाही. त्या घरात पितळेची स्तुती रोजचीच होती.

पाहुणे आले. मुलाची आई, मुलाचे मामा आणि मुलगा. मुलगा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला, त्याबद्दल मला तो बरा वाटला. मामा बडबडे होते. आबांनी त्यांना दुकानाचा इतिहास सांगायला घेतला. मला हाक आली, आणि मी पाण्याचं तबक उचलायला स्वयंपाकघरात गेले.

तबकात तांब्या आणि फुलपात्रं मांडलेली होती. ती पिवळी नव्हती, गुलाबी होती. नव्या नाण्यासारखी तांबूस, लखलखीत. अक्का अभिमानाने म्हणाली, "देख, सोनं करी टाकं मी भांडासनं!" आणि तिने हात पुढे केले. तिची बोटं पिवळी-तपकिरी होती. शेजारी आई उभी होती, तिचीही तशीच. मला कळायला एक क्षण लागला, आणि तेवढ्यात आमच्या शेजारणीची मुलगी, जिला मदतीला बोलावलं होतं, तबक उचलून बाहेर गेलीसुद्धा.

मी बाहेर पोहोचले तेव्हा मुलाच्या आईने फुलपात्र ओठांजवळ नेलं होतं.

"पिऊ नका!" मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं. मग मामांच्या हातातलं घेतलं. मुलाने आपलं आपणच खाली ठेवलं.

आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाणी देतात, मग नाव विचारतात. मी दिलेलं पाणी हातातून काढून घेतलं होतं, तेही होणाऱ्या सासूच्या. भांडी धुतलेली असणार, आणि एखादा घोट पोटात गेला असता तर कोणी मेलं नसतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हे विष आहे आणि ते किती राहिलंय याचा अंदाज नाही.

"भांड्याला औषध लागलंय," मी म्हटलं. "माझ्या कॉलेजचं. अक्काला चिंचेचा कोळ वाटला. दुसऱ्या भांड्यात पाणी आणते."

मुलाच्या आईचं माझ्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मग दारात उभ्या असलेल्या आईच्या हातांकडे, मग अक्काच्या. त्या भावाला हळूच म्हणाल्या, पण आमचं घर लहान होतं, "बठ्ठ्या, सगळ्याच बायांना आहे की हे!"

"काय आहे?" आबांनी विचारलं.

"काही नाही," मामा उठत म्हणाले. "कळवतो आम्ही. पण आबा, हातांचं तेवढं आधी सांगायला हवं होतं. कातडीचं दुखणं लपून राहत नाही."

आबा पांढरे पडले, मग लाल झाले. "दुखणं? माझ्या घरात? अहो, रंग आहे तो! पोरगी शिकते! विद्यापीठात शिकते!"

विद्यापीठ हा शब्द आबांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. एरवी ते 'तुझं ते कॉलेज' म्हणत. मुलगा जाताना दारात क्षणभर थांबला आणि मला म्हणाला, "कसलं औषध होतं?" मी सांगितलं. तो म्हणाला, "हं," आणि चप्पल घालून गेला. बरा होता बिचारा.

पाहुणे गेल्यावर अक्का पदराने डोळे पुसत म्हणाली, "माले काय ठाऊक? चिंचना कोळसारखाच दिसे तो." आईने तिला चहा दिला. मी मोरीत गेले. वाडग्यात अक्काने घासायची राख कालवली होती. खाली नुसता गाळ उरला होता. सरांकडचा साठा संपलेला, सर धुळ्याला, मुंबई लांब. पाटी अर्धी. जी परीक्षा द्यायला मी आता मोकळी झाले होते, ती द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. तेव्हा मात्र मी मोरीच्या कठड्यावर बसले.

आबा आले. त्यांच्या हातात ते गुलाबी फुलपात्र होतं. ते त्यांनी नखाने खरवडलं, खिडकीच्या उजेडात फिरवलं. "हे पितळ राहिलं नाही. वरचं जस्त गेलंय. तांबं उघडं पडलंय. असलं कसलं पाणी गं?"

मी सांगितलं. तांबं कसं खातं, रंगाखालचं कसं राहतं, सगळं. धातूबद्दल आबांना दोनदा सांगावं लागलं नाही. त्यांनी पाटी मागितली, निरखली आणि म्हणाले, "म्हणजे या रेघांमधलं तांबं काढायचंय, एवढंच ना?"

"एवढंच. पण पाणी संपलं."

"पाणी कशाला? छिन्नी नाही का तुला धरता येत?"

लहानपणापासून मी धातूत रेघा काढत आले होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजातलं काम कॉलेजच्या पद्धतीनेच करायचं असतं, असं मी धरून चालले होते.

आबांनी त्या रविवारी दुकान उघडलं, जे ते कधी करत नसत. आम्ही दोघं समोरासमोर मांडी घालून बसलो. ठोकून चालणार नव्हतं, पाटी तडकली असती. छिन्नी तिरपी धरून ओढायची, तांब्याची बारीक साल निघते, ती फुंकरीने उडवायची. आबांनी पाटी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि सबंध वेळ सूचना दिल्या. "हळू. तिथे वळण आहे. अगं, 'चि. सौ. कां.' काढत नाहीयेस, श्वास घे." संध्याकाळी वडील आले, त्यांनी आमच्याजवळ शेवेचा पुडा ठेवला आणि कंदील जवळ सरकवला. ते त्यांचं भाषण होतं.

सोमवारी सर धुळ्याहून आल्यावर त्यांना पाटी दाखवली. त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली आणि म्हणाले, "हे तू कोरलंस?" मग पेढा दिला. भोकं पाडून भाग बसवले, घरच्या शेगडीवर डागणी तापवून डाग दिले. त्या कथलाच्या वासाने आबा डोकावले. "ही तर आपली कल्हईच की!" त्यांना फार बरं वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी सगळं घर जमलं. मी बॅटरी जोडली. एका ओळीत तीन दिले, दुसऱ्या ओळीत दोन. कडेचे दोन दिवे लागले, मधला विझलेला.

"मधला बिघडलाय," आबा म्हणाले.

"नाही आबा. पाच असंच लिहितात. पहिला म्हणजे चार, शेवटचा म्हणजे एक. मधला दोनचा, तो विझायलाच हवा."

"विझलेला दिवा बरोबर?" आबांनी वडिलांकडे बघितलं. "ऐकलंस? एवढ्यासाठी दोंडाईचाची सोयरीक गेली!" आणि मग ते हसायला लागले. सगळेच हसलो. अक्काने तिन्ही दिव्यांना हळद-कुंकू लावायला घेतलं, तेव्हा मी बॅटरी काढून घेतली.

बुधवारी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी पाटी उलटीसुलटी केली. दोन आणि एक दिले, तीन आले. तीन आणि तीन दिले, सहा आले. मग त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली. "या रेघांच्या कडा इतक्या सरळ कशा? आम्लाने खाल्लेल्या दिसत नाहीत."

"कोरल्या आहेत, सर."

"कशाने?"

"आमचं भांड्यांचं दुकान आहे."

त्यांनी पाटी सरांपुढे धरली. दोघंही काही वेळ त्या रेघा बघत होते. मग परीक्षक म्हणाले, "बसा," आणि पुढच्या मुलाचा रेडिओ मागवला. तो वाजला नाही. बिचाऱ्याला घाम फुटला होता.

मी सरळ दुकानात गेले. आबा कोणाच्या तरी हंड्यावर नाव टाकत होते. मान वर न करता म्हणाले, "लागले का दिवे?"

"लागले."

"मधला?"

"लागायचा तेव्हा लागला."

"हं," ते म्हणाले, आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली.

आखाजीला गल्लीत झोके बांधले होते. सासरहून आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या, खापरावरच्या पोळ्यांचा वास घरभर होता. त्या गडबडीत आबांनी माझा संच माळ्यावरून उतरवला, पोतं सोडलं आणि भांडी माझ्यापुढे मांडली. मला वाटलं, नवी सोयरीक आली. ते मांडी घालून बसले, गुडघ्यात हंडा धरला, छिन्नी टेकवली आणि एखाद्या परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं मला विचारलं, "नाव काय टाकू?"

"आबा, काही ठरलेलं नाही."

"ठरायची वाट कोण बघतंय? भांडी तुझी आहेत."

मी त्यांच्या हातातून छिन्नी घेतली. "द्या इकडे. माझं मी टाकते."

एकेका भांड्यावर मी 'शकुंतला' टाकलं. आधी 'चि.' नाही, 'सौ.' नाही, पुढे कोणाचं आडनाव नाही. आबा शेजारी बसून अक्षरांच्या उंचीवर टीका करत राहिले. काही वर्षांनी माझं लग्न झालं, माझ्या पसंतीच्या, वीजकेंद्रातल्याच माणसाशी. तोवर भांड्यांवर जागा उरली नव्हती. त्याचं नाव मग परातीच्या खालच्या बाजूला टाकलं. परात उपडी घातली की दिसतं. त्याची काही तक्रार नाही.